वार अडकतो तो जोर कमी पडल्यामुळे नव्हे

प्रश्न : ताई, मी तोयामा-र्‍यू परंपरेतली जपानी तलवार शिकतो आहे. अलीकडेच खऱ्या धारेच्या तलवारीने भिजवलेल्या चटया कापायची परवानगी मिळाली. उजव्या खांद्यावरून डावीकडे उतरणारा तिरका वार बरा बसतो. पण उलट बाजूचा, म्हणजे डाव्या खांद्यावरून उजवीकडे येणारा वार दर वेळी अर्ध्याच्या थोडा पुढे जाऊन अडकतो. चटई खुंटीवर डोलते, कधी स्टँडसकट आडवी होते. जोर वाढवला की आणखीच बिघडतं. सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, एवढंच म्हणतात, 'चिकारा ओ नुइते', जोर सोडा. जोर सोडला तर चटई कापणार कशाने?

उत्तर : 'जोर वाढवला की आणखीच बिघडतं' हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण निदान त्यातच आहे. जोर कमी पडत असता तर तो वाढवल्यावर पातं निदान दोन बोटं तरी पुढे गेलं असतं. उलट होतंय, याचा अर्थ तुमचा जोर चटई कापण्यात खर्च होत नाही, चटई ढकलण्यात होतो आहे.

मुळात ही चटई फार कणखर नसते. तातामीच्या, म्हणजे जपानी घरात जमिनीवर घालतात त्या जाड चटईच्या, वरचं इगुसा गवताचं विणलेलं आवरण गुंडाळायचं, बांधायचं, रात्रभर पाण्यात ठेवायचं आणि उभं करून निथळू द्यायचं. साधारण ९० सेंमी उंचीची ही गुंडाळी खुंटीवर रोवली की झालं लक्ष्य तयार. आमच्या दोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, साठी ओलांडलेल्या, अंगाने अगदी किरकोळ अशा एक बाई येतात. त्यांच्या केसागिरीनंतर, म्हणजे याच तिरक्या वारानंतर, वरचा तुकडा जागेवरून घसरून खाली येतो, खुंटी हलतसुद्धा नाही. शेजारी उभा असलेला तगडा तरुण त्याच जाडीच्या चटईत तलवार रुतवून बसतो. फरक हासुजीचा आहे. धार ज्या दिशेला तोंड करून आहे, पातं नेमकं त्याच दिशेने सरकलं पाहिजे. या दोन दिशांमध्ये थोडं जरी अंतर पडलं, तरी पात्याची एक बाजू चटईवर दाबली जाते. चटई उलट दाबते, पातं मुठीत फिरू लागतं, आणि जितका वेग जास्त तितकं ते अधिक फिरतं. मग छेद सरळ न राहता वळतो आणि वळता वळता थांबतो. तुम्ही घातलेला सगळा जादा जोर त्या वळणाला मिळतो.

आता हे एकाच बाजूला का होतं? मूठ धरताना उजवा हात त्सुबापाशी, म्हणजे पातं आणि मूठ यांमधल्या चकतीपाशी, डावा मुठीच्या टोकाला. उजव्या खांद्यावरून वार निघतो तेव्हा उजवं कोपर मोकळं असतं. डाव्या खांद्यावरून निघतो तेव्हा उजवा हात छातीवरून आडवा येतो, हात एकमेकांवर चढल्यासारखे होतात आणि उजवं मनगट आवळलं जातं. इथे दोन वेगवेगळ्या चुका संभवतात, आणि दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. पहिली, हात तिरके जातात पण धार उभ्या वाराच्याच दिशेला राहते. दुसरी, धार नीट तिरकी असते पण हात मात्र सरळ खाली पडतात, कारण कंबर वळलेलीच नसते. तुमची कोणती, हे मला पत्रावरून सांगता येणार नाही. चटई सांगेल.

त्यासाठी कापलेला तुकडा टाकून देऊ नका. आमच्या सेन्सेईंचा शिरस्ता असा आहे की वार झाला की तलवार म्यानात जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, मग खाली पडलेला तुकडा उचलायचा आणि छेदाच्या तोंडावरून अंगठा फिरवायचा. तोंड आरशासारखं सपाट लागलं, गवताच्या काड्या एका रेषेत स्वच्छ तुटलेल्या दिसल्या, तर धार आणि वाट एक होती. तोंडात वाटीसारखा खोलगट भाग लागला, तर पातं मध्येच वळून वर किंवा बाहेर खरवडत गेलं आहे. शिरल्याच्या बाजूला चटई चेपलेली दिसली, तर पातं धारेऐवजी कडेने आदळलं. शिरताना स्वच्छ आणि निघताना काड्या लोंबत असल्या, तर सुरुवात ठीक होती, शेवटी हात ढिला पडला किंवा वेग संपला. मध्येच पायरीसारखा उंचवटा असेल, तर वार एक नसून दोन होते, तुम्ही आत शिरून क्षणभर थांबलात आणि पुन्हा रेटलंत. अडकलेल्या वाराच्या बाबतीत चटई तिथेच सोडवून हलक्या हाताने उलगडून पाहा. आतल्या थरांवर पात्याची वाट उमटलेली असते, आणि ती कुठे वाकली हे एकेका पदरावर दिसतं. वाकण पहिल्याच पदरांपासून असेल, तर वार सुरू होतानाच धार चुकीची होती. बाहेरचे पदर सरळ आणि आतले वाकडे असतील, तर धार बरोबर होती, पण मध्ये मनगटाने घात केला.

मला स्वतःला ही उलगडलेली चटई कोणत्याही व्हिडिओपेक्षा भरवशाची वाटते. व्हिडिओत आपण आपल्याला हवं ते पाहतो.

तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका येते ती पायांची. पाय तपासा. पातं ज्या बाजूला उतरतं त्या बाजूचा पाय मागे असणं, हा बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा सुरक्षेचा नियम. तुमचा वार उजवीकडे उतरतो, म्हणजे डावा पाय पुढे हवा. सवयीने उजवाच पाय पुढे राहिला तर दोन गोष्टी होतात. उजवी कंबर वाटेत येते, म्हणून धड वळत नाही. आणि आपला गुडघा धारेच्या वाटेत आहे हे शरीराला ठाऊक असतं, म्हणून ते वार पूर्ण होऊच देत नाही. मनाने तुम्ही कितीही धीट असा, शरीर लगाम खेचतंच. तो लगाम तुमच्या छेदात बरोबर मध्यावर दिसेल. परंपरेप्रमाणे पवित्रे बदलतात, म्हणून हे परस्पर बदलू नका, सेन्सेईंना विचारून घ्या.

मग येते पकड, तेनोउची. जोर सोडा म्हणतात तो इथला आणि खांद्यांतला. मूठ आवळून धरायची नसते. करंगळी आणि अनामिका धरतात, तर्जनी आणि अंगठा नुसते टेकलेले असतात. दोन्ही तळवे मुठीच्या वरच्या कडेवर किंचित आतल्या बाजूला वळलेले, जपानी चहाच्या विधीतलं ओलं फडकं पिळताना हात येतात तसे. ही पिळाची जाणीव चटईला पातं भिडतानाच हवी, आधीपासून नको. आधीच आवळलं की मनगट बंद, मनगट बंद की टोक मागे रेंगाळतं आणि हातच आधी खाली येतात. वारात टोकाने सगळ्यात लांबचा रस्ता कापला पाहिजे, हातांनी सगळ्यात जवळचा.

डाव्या हाताकडे विशेष लक्ष द्या. ताकद डाव्याची, दिशा उजव्याची, असं शिकवतात आणि ते खरं आहे. पण उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाचा उजवा हात आपल्याकडेच दोन्ही कामं ओढून घेतो. वाराच्या शेवटी डावा हात नाभीच्या समोर असायला हवा. तुमच्या बिघडलेल्या वारात तो उजव्या बरगडीकडे ओढला गेला असेल, अशी माझी पैज आहे. तसं झालं की मूठ फिरली आणि मुठीबरोबर धारही.

आणखी एक चूक मोठ्या हौसेने केली जाते. तलवार ओढून कापते असं ऐकलेलं असतं, म्हणून लोक चटईला पातं लागलं की ते मुद्दाम स्वतःकडे ओढतात. कृपा करून हे करू नका. पात्याचा बाक आणि वाराचं वर्तुळ यांतच ती ओढ आलेली असते. वरून वेगळी ओढ घातली की वर्तुळ आखूड होतं, पातं आतल्या बाजूला वळतं आणि छेदात तीच वाटी उमटते.

अंतराचं थोडक्यात सांगते. कापायचं ते मोनोउचीने, म्हणजे पात्याच्या टोकाकडच्या भागाने, आणि त्यातही टोकाखालच्या तीन 'सुन' (लांबीचं जपानी माप), म्हणजे साधारण ९ सेंमीच्या भागाने. अडकलेल्या वेळी चटई पात्याच्या मध्याजवळ लागत असेल, तर तुम्ही फार जवळ उभे आहात. तिथे पात्याला वेगच नसतो. नुसत्या टोकाने कापून पलीकडे एक पट्टी न कापता राहत असेल, तर फार लांब.

सरावाचं म्हणाल, तर काही काळ एका वेळी एकच वार करा. सलग डावा-उजवा-डावा असे वार करायला मजा येते, पण त्यात पहिल्या वाराने हललेल्या चटईवर दुसरा पडतो आणि चूक कोणाची ते कळेनासं होतं. चटईच्या वरच्या टोकापासून सुरुवात करा, एक वार, तलवार म्यानात, तुकडा हातात, मग दुसरा. वेग मुद्दाम कमी ठेवा. कमी वेगात वार आरपार गेला नाही तरी हरकत नाही, वाट सरळ आली म्हणजे झालं. वाट सरळ यायला लागली की आरपार जाणं पाठोपाठ येतं.

प्रश्न : ताई, मी एकोणीस वर्षांची आहे. माझ्याकडे बोक्केन (लाकडी तलवार) आणि इआइतो (सरावाची बिनधारेची तलवार) आहे, चटई कापायला परवानगी मिळायला अजून बराच अवकाश आहे. घरी इआइतोने एखादी पातळ गुंडाळी कापून पाहिली तर चालेल का? नाहीतर हासुजी सुधारणार कशी? वारा कापल्याचा आवाज मात्र छान येतो.

उत्तर : नाही, अजिबात नाही. इआइतोचं पातं जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. ते हवेत फिरवण्यासाठी केलेलं आहे, कशावर आदळण्यासाठी नाही. त्याला धार लागत नाही आणि आदळलं तर ते वाकेल किंवा तुटेल, आणि तुटलेला तुकडा कुठे जाईल हे तुझ्या हातात नसेल. चटईचा मोह आवर. तुझ्यापाशी जे आहे त्याने हासुजीचं बहुतांश काम होतं, अगदी मनापासून सांगते.

आधी त्या आवाजाबद्दल. ताचिकाझे, म्हणजे पात्याने वारा कापल्याची शीळ, ऐकू यायला लागली की सगळ्यांनाच आनंद होतो. पण तुझ्या इआइतोच्या पात्यावर खोबण आहे का पाहा. ती असेल तर आवाज सहज येतो, आणि नुसत्या मनगटाच्या झटक्यानेही येतो. म्हणून आवाज येतो का यापेक्षा कुठे येतो ते ऐक. डोक्याच्या मागे किंवा वरच सूं झालं, तर सगळा वेग तिथेच खर्च झाला. आवाज समोर, जिथे चटई असती त्या उंचीवर आला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंच्या तिरक्या वारांत तो सारखा हवा. एका बाजूला स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूला घोगरा असेल, तर घोगऱ्या बाजूला पातं वाऱ्यात आडवं पडतं आहे.

आता बोक्केनचं काम. त्याची मूठ गोल नसते, अंडाकृती असते, आणि धार कुठे आहे ते त्या आकारावरून तळव्याला कळतं. डोळे मीट, डोक्यावरून तिरका वार अगदी सावकाश सुरू कर, मध्यावर थांब आणि मग डोळे उघड. बोक्केनची धार ज्या दिशेला तू चालली होतीस त्याच दिशेला बघते आहे का? पहिल्या काही दिवसांत उत्तर बहुतेक वेळा नाही असं येईल, विशेषतः डाव्या खांद्यावरून. हात तसाच ठेवून फक्त पकड दुरुस्त कर, पुन्हा डोळे मीट आणि तो आकार तळव्यात बसू दे. आरशासमोर केलंस तर नजर शिकते, डोळे मिटून केलंस तर हात शिकतो, आणि वाराच्या वेळी कामाला येतो तो हात.

दुसरा उपाय दोरीचा. छताच्या एका कडेपासून समोरच्या जमिनीपर्यंत साधारण ४५ अंशांत एक दोरी ताणून बांध आणि तिच्या शेजारून, तिला न लागता, बोक्केनची सुबुरी, म्हणजे हवेतल्या वारांचा सराव, कर. दोरीपासूनचं अंतर वाराच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी सारखं राहिलं पाहिजे. बहुतेकांचं अंतर शेवटी वाढतं, कारण वार खाली येताना बाहेर फेकला जातो. वार संपवायचा तो गुडघ्याच्या उंचीच्या आसपास आणि जागच्या जागी थांबवायचा. टोक जमिनीकडे लटकलं, तर थांबवणारी करंगळी झोपली आहे असं समज.

रोज थोडीच सुबुरी कर. थकल्यावर केलेले वार अंगात चुकीचं बसवतात, आणि ते काढायला नंतर दुप्पट वेळ लागतो.

प्रश्न : चटया कापण्यासाठी खास रुंद, पातळ पात्याच्या तलवारी मिळतात. जपानमध्येच राहत असल्यामुळे तशी एक घ्यावी असा विचार आहे. तिने माझा तिरका वार सुधारेल का? आणि चटईऐवजी हिरव्या बांबूवर सराव केला तर लवकर प्रगती होते का?

उत्तर : तशी तलवार चटईत जास्त सहज जाते, यात वाद नाही. रुंद आणि पातळ पात्याला गवतातून कमी अडथळा होतो. पण तुम्हाला काय तपासायचं आहे ते आधी ठरवा. एदो काळात यामादा आसाएमोन घराण्यातले लोक शोगुनशाहीसाठी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीसाठी, तलवारींची चाचणी घेत, तीही देहदंड झालेल्यांच्या मृतदेहांवर, आणि निकाल पात्याच्या मुठीतल्या भागावर, नाकागोवर, कोरला जाई. तेव्हा हात मुरलेला होता आणि परीक्षा पात्याची होती. तुमच्या बाबतीत परीक्षा हाताची आहे. अशा वेळी चुका पोटात घालणारं पातं घेतलं तर चटई खरं सांगायचं बंद करेल. तलवारीचे जपानी गुरू नाकामुरा ताइसाबुरो (१९१२–२००३) यांनी आठ दिशांच्या वारांचा, हाप्पोगिरीचा, आग्रह धरला. मला त्यातलं महत्त्व असं वाटतं की कोणती दिशा कच्ची आहे ते लपून राहत नाही. नव्या पात्याने ते लपवू नका. आठही दिशांना सपाट छेद येऊ लागले की मग खुशाल घ्या.

बांबूचं उत्तर छोटं आहे, आत्ता नको. चटई चूक झाली तर डोलते, बांबू चूक झाली तर पातं वाकवतो किंवा धारेचा टवका उडवतो. हिरव्या बांबूपर्यंत जायचं की नाही हे तुमच्या सेन्सेईंनी सांगायचं, तुम्ही नाही.

तलवार कोणतीही घेतलीत तरी पात्यासोबत तिचं नोंदणीपत्र, तोरोकुशो, मिळालंच पाहिजे. ते त्या पात्याचं असतं, तुमचं नाही, आणि प्रांताचं शिक्षण मंडळ ते देतं. १९५८च्या शस्त्र कायद्याप्रमाणे मालक बदलल्याची सूचना त्याच मंडळाला २० दिवसांच्या आत द्यावी लागते. विकणाऱ्याने 'नंतर पाहू' म्हटलं तर व्यवहार तिथेच थांबवा.

जुन्या चटया मिळवत असाल तर कडेची कापडी पट्टी आणि त्यातले टाके, खिळे, सगळं काढून मगच गुंडाळा. वापरलेल्या चटईच्या वीणीत वाळू बसलेली असते, ती पात्यावर बारीक ओरखडे काढते, म्हणून भिजवण्याआधी झटकून धुवून घ्या. आणि दर सरावाआधी मेकुगी पाहा. मुठीतून पात्याला धरून ठेवणारी ती बांबूची एवढीशी खुंटी सैल झाली किंवा चिरली असेल, तर त्या दिवशी ती तलवार म्यानातून बाहेर काढायची नाही. वाकलेलं पातं स्वतः सरळ करायला जाऊ नका, ते काम तोगिशीचं, म्हणजे तलवारींना पॉलिश करणाऱ्या कारागिराचं किंवा तो सांगेल त्या माणसाचं.